कळ दाबल्यापासून चित्र उमटेपर्यंत

आमच्या दिवाणखान्यात एक छायाचित्र आहे. सन 2009 च्या अक्षय्य तृतीयेला आईच्या वर्षीतपाचे पारणे झाले, त्या सकाळचे. आई पाटावर बसलेली आहे, समोर मामा वाकून उभे आहेत, त्यांच्या हातात चांदीची वाटी आहे आणि ती वाटी रिकामी आहे. तेरा महिने एक दिवस उपवास, एक दिवस बियासणे असा क्रम चालवून ज्या उसाच्या रसाच्या पहिल्या घोटापाशी आई पोहोचली होती, तो घोट या चित्रात नाही. मी कळ दाबली तेव्हा वाटी तिच्या ओठांना लागत होती. कॅमेऱ्याने चित्र घेतले तेव्हा ती पदराने ओठ टिपत होती.

मामांनी लगेच सुचवले, “वाटी पुन्हा तोंडाशी धरू या, तू परत काढ.” आई म्हणाली, “पारणं झालं. आता नाटक कशाला?” विषय तेथेच संपला. तिचे म्हणणे योग्यच होते. परंतु त्यानंतर कितीतरी दिवस माझ्या मनात एकच प्रश्न घोळत राहिला. माझे डोळे उघडे होते, बोट कळीवर होते, कॅमेरा आठवड्यापूर्वीच घेतलेला, नवा कोरा. मग चुकले कोठे?

पेढीवर माल घेताना आपण दहा ठिकाणी भाव विचारतो, ठोक्यात हात घालून नमुना पाहतो, तागा उलगडून वीण तपासतो. कॅमेरा घेताना मात्र मी दोन आकडे विचारले होते: मेगापिक्सेल किती आणि झूम किती. विक्रेत्याने दोन्ही आकडे उत्साहाने सांगितले. तिसरा आकडा, म्हणजे कळ दाबल्यापासून चित्र प्रत्यक्ष घेतले जाईपर्यंत लागणारा काळ, मी विचारला नाही आणि त्यानेही सांगितला नाही. खोक्यावर तो छापलेला नव्हता. आजही सहसा नसतो.

या काळाला छायाचित्रकार ‘शटर लॅग’ म्हणतात. मराठीत आपण शटरचा विलंब म्हणू. हा विलंब एकसंध नसतो, तो चार-पाच हप्त्यांत आपल्याकडून वसूल होतो. पहिला हप्ता आपला स्वतःचा: डोळ्यांनी पाहिले, मेंदूने ठरवले आणि बोट हलले, एवढ्यात सुमारे पाव सेकंद जातो. त्यानंतर कॅमेरा प्रकाश मोजतो. मग फोकस शोधतो, म्हणजे भिंग पुढेमागे सरकवून वस्तू स्पष्ट कोठे दिसते हे ठरवतो. फ्लॅश चालू असेल तर मुख्य झोताआधी एक छोटा झोत टाकून अंदाज घेतो; डोळे लाल दिसू नयेत अशी सोय चालू असेल तर आणखी काही चमका मारतो आणि त्यातच सेकंदभर उलटू शकतो. एवढे सगळे झाल्यावर शटर आपले काम करते, आणि ते काम या साऱ्या हिशेबात सर्वांत लहान असते.

त्या सकाळी माझ्या कॅमेऱ्यात फ्लॅश चालू होता, लाल डोळ्यांची सोय चालू होती, मंगल कार्यालयातील उजेड बेताचा होता आणि आईची साडी पांढरी, मागची भिंतही पांढरी. मिळून दीड सेकंद तरी गेला असावा. आपल्या शास्त्रातील कालगणना माहीत असलेल्या वाचकांना हा दीड सेकंद क्षुल्लक वाटणार नाही. एका मुहूर्तात, म्हणजे आपल्या सामायिकाच्या 48 मिनिटांत, 1,67,77,216 आवलिका होतात. या हिशेबाने एका सेकंदात पाच हजार आठशेच्या वर आवलिका बसतात आणि दीड सेकंदात जवळजवळ पावणेनऊ हजार. एकेका आवलिकेत असंख्यात समय! इतक्या काळात एक घोट पिऊन होणे आणि ओठ टिपून होणे यात नवल ते काय?

पांढऱ्या साडीचा आणि पांढऱ्या भिंतीचा उल्लेख मी मुद्दाम केला. त्या काळच्या लहान डिजिटल कॅमेऱ्यांत फोकस लावण्याची रीत अशी होती: भिंग थोडे सरकवायचे, चित्रातील गडद आणि फिकट भागांतील फरक मोजायचा, आणखी सरकवायचे, पुन्हा मोजायचे, फरक वाढत गेला की दिशा बरोबर, कमी झाला की मागे फिरायचे. अंधारात कुलूप उघडणारा मनुष्य किल्ली जशी चाचपत फिरवतो तसे हे काम. उजेड भरपूर असेल आणि समोर ठळक रेघ असेल तर ते चटकन जमते. पांढऱ्यावर पांढरे असेल, उजेड मंद असेल, तर भिंग पुढे जाते, मागे येते, पुन्हा पुढे जाते. आपल्या धर्मकार्यांत पांढरा रंग किती असतो हे सांगायला नको.

मोठ्या डीएसएलआर कॅमेऱ्यांची रीत निराळी. भिंगाच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रकाशाची तुलना करून, भिंग कोणत्या दिशेला आणि किती सरकवायचे हे ते एकाच मोजणीत ठरवतात. त्यामुळे तेथे फोकस चटकन लागतो. पुढे ही दुसरी रीत प्रत्यक्ष सेन्सरवरच आणण्यात यश आले. कॅननने 2013 मध्ये ‘70डी’ या कॅमेऱ्यात सेन्सरच्या प्रत्येक बिंदूचे दोन भाग करून हे साधले. आजच्या चांगल्या मिररलेस कॅमेऱ्यांत आणि पुष्कळशा मोबाइलमध्ये याच जातीची योजना असते. म्हणून आज नवा, बऱ्यापैकी मिररलेस कॅमेरा घेणाऱ्याला 2009 चा माझा अनुभव सहसा येणार नाही.

येथे एक शंका मनात येते. वडिलांच्या जुन्या रिळाच्या कॅमेऱ्याला हा रोग का नव्हता? कारण साधे आहे. त्या कॅमेऱ्याला काही शोधायचेच नव्हते. वडील अंतराची कडी हाताने आठ फुटांवर लावून ठेवत, उन्हाचा अंदाज घेऊन छिद्र ठरवत आणि मग वाट पाहत. कळ दाबली की फक्त झडप उघडे. पुढे व्यावसायिकांसाठीच्या रिळाच्या कॅमेऱ्यांनी या बाबतीत कमाल केली. कॅननच्या ‘ईओएस-1एन आरएस’ या कॅमेऱ्यात आरसा स्थिर ठेवून हा विलंब सहा सहस्रांश सेकंदावर आणला होता. म्हणजे अवघ्या पस्तीस आवलिका! डिजिटल युगाचा आरंभ मात्र मंद गतीने झाला. 1975 मध्ये कोडॅकमधील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी बनवलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याला एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरवायला 23 सेकंद लागत. चित्र टिपणे आणि साठवणे या दोन क्रिया वेगळ्या आहेत हे खरे. पण आपल्या दृष्टीने दुसरे चित्र घ्यायला कॅमेरा मोकळा होणे हेही तितकेच महत्त्वाचे, आणि त्याकडे मी पुढे येणारच आहे.

आता उपाय. जो कॅमेरा आज घरात आहे, तोही या उपायाने पुष्कळ चपळ होतो. कॅमेऱ्याची कळ दोन टप्प्यांची असते. हलकेच दाबली की अर्ध्यावर किंचित अडते. त्या अर्ध्या दाबात कॅमेरा प्रकाश मोजून घेतो, फोकस लावून घेतो आणि थांबतो. बोट तसेच ठेवायचे. क्षण आला की उरलेला अर्धा दाब द्यायचा. शोधाशोध आधीच उरकलेली असल्याने उरतो तो फक्त शटरचा स्वतःचा विलंब. चांगल्या कॅमेऱ्यात तो एका सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. माझ्या कॅमेऱ्यासोबत आलेल्या पुस्तिकेत हे सारे चित्रांसह दिलेले होते. मी त्यातले वॉरंटीचे पान तेवढे वाचले होते.

अर्ध्या दाबाचे एक पथ्य आहे. फोकस ज्या अंतरावर लावला, ते अंतर बदलता कामा नये. पारण्यात ही अट सहज पाळली जाते, कारण तपस्वी पाटावर बसलेले असतात. वाटी येण्यापूर्वीच त्यांच्या डोळ्यांवर फोकस लावून बोट धरून ठेवावे. अभिषेकातही तसेच. श्रवणबेळगोळच्या महामस्तकाभिषेकात 57 फुटांची बाहुबलींची मूर्ती जागची हलत नाही. हलते ती धारा. दूध, हळदीचे पाणी, चंदन यांचे ओघ मस्तकावरून खांद्यांवर येतात आणि मूर्तीचा रंग पाहता पाहता पालटतो. मूर्तीच्या मुखावर एकदा फोकस लावून तो हातानेच पक्का करून ठेवला, म्हणजे प्रत्येक धारेच्या वेळी कॅमेऱ्याला नव्याने शोध घ्यावा लागत नाही. 2018 नंतरचा पुढचा सोहळा बारा वर्षांच्या क्रमाने यायचा आहे. सवय करायला वेळ आहे.

वरघोड्याचे गणित मात्र उलटे. तेथे सगळे चालते आहे. साधारण चालीने चालणारी व्यक्ती अर्ध्या सेकंदात सुमारे सत्तर सेंटिमीटर पुढे जाते. डोक्यावर कलश घेतलेली मुलगी तेवढ्यात चौकटीबाहेर जाऊ शकते. अशा वेळी व्यक्तीवर नव्हे, जागेवर फोकस लावावा. रस्त्यावरील एखादी रांगोळी किंवा कमानीचा खांब धरावा, अर्धा दाब देऊन थांबावे, आणि मुलगी त्या रेषेवर पोहोचण्याच्या किंचित आधी कळ पूर्ण दाबावी. किती आधी, हे आपल्या कॅमेऱ्याशी सलगी झाल्यावर बोटालाच कळू लागते. दीक्षा समारंभात गुरुभगवंतांच्या हातून ओघा मिळताच मुमुक्षू आनंदाने नाचू लागतो, तो क्षण सर्वांत अवघड. तेथे एका चित्रावर भिस्त ठेवू नये. कॅमेऱ्यात ओळीने अनेक चित्रे घेण्याची सोय असते, ती लावून ओघा हाती पडण्याच्या आधीपासून कळ दाबून धरावी. वीस चित्रांतील एकोणीस टाकून द्यावी लागली तरी त्यात तोटा नाही.

फ्लॅशविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण येथे प्रश्न केवळ विलंबाचा नाही. पूज्य साधु-साध्वीजींपैकी अनेक जण विजेचा प्रकाश अंगावर पडणे टाळतात. त्यात तेउकायाच्या जीवांची विराधना मानली आहे. काही संप्रदायांत छायाचित्र काढण्यासच संमती नसते. हे ठाऊक असूनही समारंभात दहा-दहा हात उंचावतात आणि चमकांचा भडिमार सुरू होतो. आपण वंदनाला गेलो आहोत की नेमबाजीला, असे वाटू लागते. आधी संघाच्या कार्यवाहांना विचारावे. संमती असेल तरी फ्लॅश बंद ठेवावा आणि अंधारात फोकससाठी जो लहान दिवा कॅमेऱ्यातून आपोआप पेटतो तोही बंद करावा. तो दिवा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. त्याची नोंद कॅमेऱ्याच्या यादीत वेगळी असते. फोकस लागल्यावर वाजणारा ‘पीप’ असा आवाजही तेथेच बंद होतो. योगायोग असा की धर्माची ही मर्यादा पाळली की विलंबही घटतो: आधीची चमक नाही, आणि दोन चित्रांच्या मध्ये फ्लॅश पुन्हा भरला जाण्याची वाट पाहणे नाही. लहान कॅमेऱ्यांत या भरण्यालाच काही सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ कॅमेरा कळीला दादच देत नाही.

फ्लॅश नको तर उजेड कोठून आणायचा? भिंगातून. कॅमेऱ्याबरोबर येणारे साधे झूम भिंग पुढे लांबवले की त्याचे छिद्र बहुधा एफ 5.6 इतकेच उघडते. पन्नास मिलिमीटरचे, झूम नसलेले, एफ 1.8 चे भिंग त्याच्या सुमारे साडेनऊ पट प्रकाश आत घेते. हे भिंग लहान, हलके आणि बहुतेक कंपन्यांच्या यादीत सर्वांत स्वस्त भिंगांपैकी एक असते. मंद उजेडात फोकसही त्याने लवकर लागतो. कॅमेऱ्यासाठी राखलेल्या रकमेतील काही भाग कमी करून हे भिंग घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. झूमऐवजी दोन पावले पुढे जावे.

“पण आता मोबाइल आहे ना?” हा प्रश्न घरोघरी येतो, आणि तो रास्त आहे. चांगल्या मोबाइलने विलंबाचा प्रश्न मोठ्या चतुराईने सोडवला आहे. कॅमेऱ्याचा पडदा उघडताच मोबाइल चित्रे घेऊ लागतो आणि शेवटची काही चित्रे स्मृतीत फिरती ठेवतो. आपण बोट टेकवतो तेव्हा तो आधीच घेतलेल्या चित्रांतून निवड करतो. म्हणजे बोट उशिरा पडले तरी क्षण हाती असतो! ही कल्पना मोबाइलची मक्तेदारी नव्हे. कॅसिओच्या 2008 मधील ‘ईएक्स-एफ1’ कॅमेऱ्यात आणि ऑलिंपसच्या 2016 मधील ‘ई-एम1 मार्क 2’ मध्येही कळ पूर्ण दाबण्याच्या आधीची चित्रे राखण्याची सोय होती, आणि आज काही मिररलेस कॅमेऱ्यांत ती मिळते. उन्हात, अंगणात, दुकानाच्या उद्घाटनात मोबाइल पुरेसा आहे. उणीव दिसते ती उपाश्रयात, मंद उजेडाच्या सभागृहात. तेथे मोबाइल आपण न सांगता रात्रीच्या पद्धतीवर जातो, पडद्यावर ‘स्थिर धरा’ असे लिहून येते आणि दोन-तीन सेकंद चित्रे गोळा करीत राहतो. आजोबा स्तब्ध बसलेले असतील तर सुरेख चित्र येते. नात धावत असेल तर तिच्या जागी धुके येते.

हल्ली आणखी एक गोष्ट पाहतो. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींना वीस वर्षांपूर्वीचे छोटे डिजिटल कॅमेरे हवेहवेसे झाले आहेत. आपण माळ्यावर टाकलेले कॅमेरे ती शोधून काढतात, त्या चित्रांचा रंग त्यांना आवडतो. घ्यावेत, हौस आहे. परंतु घरच्या कार्यासाठी त्यावर विसंबू नये. दिवाणखान्यातील रिकामी वाटी असल्याच कॅमेऱ्याची देणगी आहे.

आता खरेदी. दुकानात जाताना दोन मोबाइल सोबत न्यावेत, एक आपला आणि एक घरच्यांपैकी कोणाचा. एकावर स्टॉपवॉच चालू करून तो मेजावर उभा ठेवावा. पाहायला घेतलेल्या कॅमेऱ्याने त्याच्यावर नेम धरावा आणि आकडा बरोबर दहा सेकंदांवर येताच कळ एका दमात पूर्ण दाबावी. चित्रात 10.45 दिसले तर पंचेचाळीस शतांश सेकंद गेले. आकडे येताना दिसत असल्यामुळे आपल्या बोटाचा उशीर यात फारसा मिसळत नाही. असे पाच वेळा करून सरासरी काढावी. मग हाच प्रयोग अर्धा दाब आधी देऊन करावा. दोहोंतील फरक म्हणजे फोकसचा विलंब. मोबाइलचा पडदाही साधारणपणे सेकंदाला साठ वेळाच बदलतो, तेव्हा एक-दोन शतांशांसाठी घासाघीस करू नये. दुसरा मोबाइल आकडे टिपायला. मुख्य म्हणजे ही परीक्षा काउंटरवरच्या लखलखीत दिव्यांखाली न घेता दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात घ्यावी. विक्रेता जरा चमत्कारिक नजरेने पाहील. पाहू द्यावे, पैसे आपले आहेत.

मेगापिक्सेलचा मोह आवरावा. आठ बाय बारा इंचांच्या उत्तम छपाईला इंचाला तीनशे बिंदू धरले तरी 2400 गुणिले 3600, म्हणजे साडेआठ मेगापिक्सेलहून थोडे अधिक पुरतात. आजचा कोणताही बरा कॅमेरा याच्या दुप्पट देतो. वापरलेला डीएसएलआर घेणे हा किफायतशीर मार्ग आहे. नामांकित कंपन्यांचा कल मिररलेसकडे गेल्याने असे कॅमेरे बाजारात पुष्कळ आहेत. मात्र आतापर्यंत शटर किती वेळा पडले हे विचारावे, कारण साध्या डीएसएलआरचे शटर सुमारे एक लाख वेळांच्या आयुष्यासाठी बनवलेले असते. घेतल्यावर त्याच्या खिडकीला डोळा लावूनच चित्र घ्यावे. जुन्या डीएसएलआरमध्ये मागच्या पडद्यावर पाहून चित्र घेऊ लागलो की तो पुन्हा चाचपत फोकस शोधणाऱ्या रीतीवर येतो. मिररलेस घेणाऱ्याला प्रवचनात उपयोगी पडेल असा मूक शटर मिळतो, पण एलईडी दिव्यांखाली त्यात चित्रावर पट्टे उमटण्याचा संभव असतो. कार्याच्या आदल्या दिवशी त्याच सभागृहात एक चित्र काढून पाहावे. बिल पक्के घ्यावे, हे आपल्या वाचकांना मी काय सांगावे!

येत्या अक्षय्य तृतीयेला आमच्या वहिनींच्या वर्षीतपाचे पारणे आहे. पुतण्याने वापरलेला डीएसएलआर आणि पन्नास मिलिमीटरचे भिंग घेतले आहे. स्टॉपवॉचची परीक्षा मीच घेतली. महिनाभर रोज संध्याकाळी तो स्वयंपाकघरात उभा राहून, त्याची आजी चहाचा कप ओठांना लावते तो क्षण टिपण्याचा सराव करतो. पहिल्या आठवड्यात एकाही चित्रात कप ओठांपर्यंत पोहोचलेला नव्हता, कारण तो घाईने फार आधी कळ दाबत होता. आता दहापैकी सात चित्रे साधतात. परवा आई त्याला म्हणाली, “किती रे चहा पाजशील? तुझ्या आईला पारण्याला वाटी एकदाच मिळणार आहे.”